खिडकीच्या मुठी, बिजागऱ्या व कड्या : झीज आणि घरगुती दुरुस्ती

बहुतेक घरांत अशी एखादी खिडकी असतेच, की जिची झडप सुतळीने गजाला बांधून ठेवलेली असते. कधीतरी तिची मूठ सैल झाली, पुढे कडी बसेनाशी झाली आणि अखेर घरच्या मंडळींनी सुतळीचा आश्रय घेतला. उन्हाळाभर ह्या व्यवस्थेत काही उणे वाटत नाही. परंतु पावसाळ्यातील पहिल्या जोरदार वाऱ्याबरोबर सुतळी तुटते, झडप चौकटीवर आपटते, काच फुटते आणि पाणी घरात येते. खिडकी वरच्या मजल्यावर असेल, तर फुटलेली काच खालच्या रस्त्यावर पडते. थोड्या पैशांत आणि एका दुपारच्या श्रमात जो दोष दूर झाला असता, तो असा एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो.

खिडकीच्या धातूच्या भागांची रचना फारशी गूढ नाही. त्यांची झीज का होते, हे समजून घेतले व काही साधी हत्यारे हाताशी ठेवली, तर त्यांच्या बहुतेक दुरुस्त्या सामान्य गृहस्थाला किंवा गृहिणीला करता येतात. त्या कशा कराव्यात आणि कोणती कामे मात्र जाणत्या कारागिराकडेच सोपवावीत, ह्याचे विवेचन पुढे केले आहे.

खिडकीचे भाग व त्यांची कामे

भिंतीत पक्की बसवलेली ती चौकट व तिच्यात उघडझाप करणारी ती झडप. झडपेतील काचेला तावदान म्हणतात. झडपेला जोडलेल्या धातूच्या भागांचे त्यांच्या कामांवरून तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग बिजागऱ्यांचा. झडपेचे सर्व वजन त्या पेलतात व तिला फिरू देतात. दुसरा वर्ग झडप बंद ठेवणाऱ्या भागांचा. त्यात मूठ, कडी-कोयंडा, बोल्ट व खिट्टी हे भाग येतात. तिसरा वर्ग उघडी झडप जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या भागांचा. लाकडी खिडकीला त्यासाठी आकडा व त्याची कडी असते. लोखंडी खिडकीला भोके असलेली एक लांब पट्टी असते, तिला बाजारात ‘स्टे’ म्हणतात.

ह्या तीन वर्गांतील एकाचे काम बिघडले, की त्याचा भार दुसऱ्यावर येतो. बिजागरी सैल झाली की झडप खाली झुकते. झुकलेली झडप बंद करण्यासाठी आपण मूठ जोराने ओढतो व काही दिवसांनी मूठ तुटते. अशा वेळी नवी मूठ आणून बसवली, तर तीही लवकरच तुटेल. कारण मूठ तुटणे हे येथे केवळ लक्षण आहे आणि मूळ दोष बिजागरीत आहे. म्हणून कोणताही भाग बदलण्यापूर्वी तो का झिजला, ह्याचा शोध घेणे अगत्याचे आहे.

बिजागरीवरील भार

मूळ दोष कोठे असावा, हे थोड्याशा गणिताने कळते. ६० सेंटिमीटर रुंद व १२० सेंटिमीटर उंच अशी एक काचेची झडप घेऊ. एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या व एक मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन सुमारे अडीच किलोग्रॅम भरते. त्या हिशेबाने चार मिलिमीटर जाडीच्या तावदानाचे वजन सुमारे सात किलोग्रॅम होईल. लाकडासह संपूर्ण झडप १२ किलोग्रॅमची धरू. दोन बिजागऱ्यांतील अंतर ९० सेंटिमीटर आहे, असे मानू.

झडपेचे वजन तिच्या मध्यरेषेतून, म्हणजे बिजागऱ्यांपासून ३० सेंटिमीटर अंतरावर, खाली ओढते. त्यामुळे वरची बिजागरी चौकटीपासून बाहेर खेचली जाते आणि खालची आत दाबली जाते. हे खेचणारे बल १२ गुणिले ३० भागिले ९०, म्हणजे ४ किलोग्रॅम-भार इतके असते. चांगल्या लाकडात बसलेले स्क्रू ते सहज सहन करतात. परंतु २० किलोग्रॅम वजनाचे मूल त्याच झडपेच्या मोकळ्या कडेला लोंबकळले, तर त्यात २० गुणिले ६० भागिले ९०, म्हणजे सुमारे १३ किलोग्रॅम-भाराची भर पडते. चारावरून एकूण भार एकदम सतरावर जातो. वरच्या बिजागरीचे स्क्रू आधी का सैल होतात आणि मुलांना झडपेला लोंबकळू का देऊ नये, ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ह्या एका हिशेबात मिळते.

वाऱ्याचा भारही लक्षात घ्यावा. वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग केला व त्याला ०.६ ने गुणले, म्हणजे एक चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब २४० न्यूटन, म्हणजेच सुमारे २४ किलोग्रॅम-भार होतो. वरील झडपेवर तो सुमारे १७ किलोग्रॅम-भार भरेल. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. आकडा किंवा स्टे नसलेल्या झडपेवर हा भार एकाएकी, आघाताच्या रूपाने येतो. स्थिर भारापेक्षा आघात कितीतरी अधिक विघातक असतो.

झीज होण्याची अन्य कारणे

लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते व कोरड्या हवेत तो सोडून आकसते. लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो. आडव्या दिशेने तो बराच असतो. त्यातही खोडाच्या वाढीच्या वलयांना अनुसरून होणारे आकुंचन वलयांना छेदून होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. म्हणूनच नीट न वाळवलेली फळी वाकते. स्क्रूभोवतीचे लाकूड दरवर्षी असे फुगत व आकसत राहिले, की त्याची पकड ढिली होते. देहरादून येथील वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांच्या वाळवणीवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. लाकूड ज्या प्रदेशात वापरावयाचे, तेथील हवेला साजेल इतकेच त्याला वाळवावे, हे त्या शास्त्राचे मुख्य सूत्र होय. राजस्थानच्या कोरड्या हवेत व आसामच्या दमट हवेत एकच लाकूड सारखे वागत नाही.

दुसरे कारण गंज. लोखंडाला गंज चढण्यास प्राणवायू व ओलावा ह्या दोहोंची आवश्यकता असते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० ते ७० टक्क्यांच्या वर गेली, की ही क्रिया झपाट्याने होऊ लागते. समुद्रकिनारी हवेतील मीठ धातूवर बसते व ओलावा धरून ठेवते, म्हणून चेन्नई, विशाखापट्टणम, मुंबई किंवा पणजी येथील खिडक्या दिल्ली-जयपूरच्या खिडक्यांपेक्षा लवकर गंजतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. तो फटीत साचला म्हणजे पाचरीसारखे काम करतो. लोखंडी चौकटीतील काच कोणी हातही न लावता तडकते, तिचे कारण पुष्कळदा हेच असते. तमिळनाडूतील कारैकुडी येथे १९५३ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय विद्युत्‌रसायन संशोधन संस्थेत धातूंच्या ह्या क्षरणाचा विशेष अभ्यास केला जातो.

तिसरे कारण दोन भिन्न धातूंचा संयोग. दोन धातू एकमेकांस टेकलेले असून त्यांच्यावर खारट ओलावा असला, तर विजेच्या घटातल्याप्रमाणे त्यांच्यात प्रवाह सुरू होतो व अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. पितळेच्या मोठ्या बिजागरीला लोखंडाचे लहान स्क्रू लावले, तर स्क्रू लवकर खाल्ले जातात. ॲल्युमिनियमच्या चौकटीत पितळेचा स्क्रू लावला, तर स्क्रूभोवतीचे ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. म्हणून बिजागरी व स्क्रू शक्यतो एकाच धातूचे असावेत. ॲल्युमिनियमच्या खिडकीस गंजरोधक पोलादाचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, स्क्रू वापरावेत.

चौथे कारण रंग. दर काही वर्षांनी खिडकीवर रंगाचा नवा हात फिरतो, परंतु जुना रंग क्वचितच खरवडला जातो. थरावर थर चढून झडप चौकटीत घट्ट बसू लागते आणि बिजागरीचे सांधे रंगाने भरून जातात.

दोष कसा ओळखावा

प्रथम झडप अर्धी उघडावी, तिच्या मोकळ्या कडेला हात घालून ती हळूच वर उचलावी आणि त्या वेळी वरच्या बिजागरीकडे पाहावे. बिजागरीची पट्टी चौकटीवर हलत असेल, तर स्क्रू सैल आहेत. पट्टी स्थिर असून झडप हलत असेल, तर बिजागरीची खीळ झिजली आहे. दोन्ही स्थिर असूनही झडप हलत असेल, तर झडपेच्याच कोपऱ्यातील लाकडी सांधा निखळला आहे.

मग झडप बंद करून तिच्या चारही बाजूंच्या फटी पाहाव्यात. फट वर रुंद व खाली अरुंद अशी दिसली, तर झडप झुकली आहे. चौकट व झडप ह्यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून झडप बंद करावी व पट्टी ओढून पाहावी. जेथे ती अडकते तेथे लाकूड घासत आहे असे समजावे. लाकूड केवळ पावसाळ्यात घासत असेल, तर पावसाळ्यात ते रंधू नये. हिवाळ्यात ते आकसेल, तेव्हा तेथे नको इतकी फट पडेल.

शेवटी मुठीकडे वळावे. मूठ सैल आहे, की तिचे टोक झिजले आहे, की ज्या पट्टीत ते टोक अडकते ती पट्टीच सरकली आहे, हे पाहावे. टोकाला खडू लावून मूठ फिरवली, म्हणजे ते पट्टीवर नेमके कोठे टेकते हे खुणेवरून कळते.

हत्यारे व घ्यावयाची काळजी

दोन आकारांचे पेचकस, पक्कड, हातोडी, अर्धा इंच रुंदीची पटाशी, कानस, हाताचे गिरमिट किंवा विजेचे ड्रिल, तारेचा ब्रश, काचकागद, लाकडाचा सरस आणि यंत्रांना घालण्याचे पातळ तेल एवढी सामग्री पुरेशी आहे. पेचकसाचे टोक स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारे असावे. टोक लहान असल्यास खाच बिघडते आणि मग तो स्क्रू काढणे अतिशय कठीण होते.

काम नेहमी घराच्या आतूनच करावे. वरच्या मजल्यावरील खिडकीतून अंग बाहेर काढून कधीही काम करू नये. बाहेर उघडणाऱ्या झडपेची बिजागरी सोडण्यापूर्वी झडप मजबूत दोरीने आतील गजास बांधावी व मदतीला दुसरा मनुष्य ठेवावा. गज नसतील किंवा झडप जड असेल, तर वरच्या मजल्यावर हे काम स्वतः अंगावर घेऊ नये. तावदानावर चिकटपट्टी फुलीच्या आकारात लावावी, म्हणजे काच फुटली तरी तिचे तुकडे विखुरत नाहीत. हातमोजे व चष्मा वापरावा.

जुन्या रंगाविषयी विशेष सावधगिरी हवी. पूर्वीच्या तेलरंगांत शिशाची संयुगे पुष्कळ प्रमाणात असत. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला व तो नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीचा रंग कोरडाच घासला, तर त्याची विषारी धूळ घरभर पसरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ती फार घातक आहे. असा रंग पाणी लावूनच घासावा, खाली जुना कागद अंथरावा, मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोलीत येऊ देऊ नये आणि नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

सैल झालेला स्क्रू

स्क्रू पिळूनही घट्ट होत नसेल, तर त्याच्या भोकातील लाकूड झिजले आहे. अशा भोकात आगकाड्या कोंबून स्क्रू पुन्हा पिळण्याची पद्धत सर्वत्र आहे. तात्पुरता उपाय म्हणून ती चालेल. टिकाऊ दुरुस्ती पुढीलप्रमाणे करावी.

स्क्रू काढून भोकातील भुसा व कुजलेले लाकूड खरवडून टाकावे. गिरमिटाने भोक थोडे मोठे व सरळ करावे. त्यात घट्ट बसेल अशी सागवानाची किंवा अन्य कठीण लाकडाची गोल खुंटी तयार करावी, तिला सरस लावून ती हातोडीने ठोकावी व बाहेर राहिलेला भाग पटाशीने सपाट करावा. सरस वाळण्यास एक दिवस जाऊ द्यावा. नंतर स्क्रूच्या जागी आधी बारीक भोक पाडावे. कठीण लाकडात हे भोक स्क्रूच्या आट्यांमधील गाभ्याच्या जाडीपेक्षा किंचित लहान असावे व मऊ लाकडात त्याहूनही लहान असावे. भोक न पाडता स्क्रू पिळला, तर लाकूड फाटण्याची भीती असते. आट्यांना थोडे मेण लावले, तर स्क्रू सुलभपणे आत जातो. पितळेचा स्क्रू मऊ असतो व पिळताना तुटतो. म्हणून आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू पिळून आटे पाडावेत, तो काढावा आणि मग पितळेचा बसवावा.

लाकूड कुजले असेल, म्हणजे पेचकसाचे टोक त्यात सहज रुतत असेल, तर खुंटीचा उपयोग नाही. तेवढा भाग कापून त्या जागी नवा तुकडा बसवावा लागतो. हे काम सुताराकडून करून घ्यावे.

बिजागरी बदलणे

झिजलेली बिजागरी बदलण्यासाठी झडप सर्वस्वी उतरवण्याची गरज सहसा नसते. झडप बंद करून तिच्या खाली लाकडी पाचर ठोकावी, म्हणजे वजन पाचरीवर येते. मग बिजागऱ्या एकामागून एक बदलाव्यात. एक नीट बसल्याखेरीज दुसरीला हात लावू नये. बिजागऱ्यांचे स्क्रू झडप उघडल्यावरच दिसत असतील, तर झडप जितकी उघडावी लागेल तितकीच उघडून तिला खालून आधार द्यावा. झडप उतरवावीच लागली, तर खालची बिजागरी आधी व वरची शेवटी सोडावी. चढवताना ह्याच्या उलट क्रम ठेवावा. वरची आधी सोडली, तर झडप बाहेर कलंडते व खालचे स्क्रू लाकूड फाडून उपटतात.

नवी बिजागरी जुन्या खाचेत बरोबर बसली पाहिजे. येथे मापाची एक अडचण उद्भवते. भारतात मेट्रिक पद्धत १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने आली. त्यापूर्वीच्या घरांतील सामान इंचांच्या मापाचे असते. तीन इंची बिजागरी ७६.२ मिलिमीटर लांब असते व आजची ७५ मिलिमीटर असते. लांबीतला फरक थोडा दिसला, तरी स्क्रूंची भोके जुळतीलच असे नाही. भोके जुळत नसल्यास जुनी भोके वर सांगितल्याप्रमाणे खुंट्यांनी बुजवावीत व नवी पाडावीत. जुन्या भोकाला लागून नवे भोक पाडल्यास दोन्ही एक होतात व स्क्रू तिरपा जातो. खाच उथळ असेल, तर पटाशीने खोल करावी; अधिक खोल असेल, तर पट्टीखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालावा. झडप किंचित झुकलेली असल्यास खालच्या बिजागरीखाली असा तुकडा घातल्यानेही ती पुष्कळदा सरळ होते.

लोखंडी खिडकीची मूठ व स्टे

पोलादी पट्ट्यांच्या खिडक्या बनवण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात वाढीस लागला. आपल्या देशातील मोठ्या शहरांत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून अशा खिडक्या बसू लागल्या. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील ज्या इमारतींचा २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्या काळातील वास्तुशैलीत ह्या खिडक्यांना महत्त्वाचे स्थान होते. पुढे सरकारी वसाहती, शाळा व रुग्णालये ह्यांतही त्या सर्वत्र आल्या. त्यांच्यासाठी ‘आयएस १०३८’ हे भारतीय मानक आहे.

ह्या खिडकीची मूठ बहुधा पितळेची असते. तिच्या टोकाला दोन खाचा असतात. एकीने झडप पूर्ण बंद होते व दुसरीने हवेपुरती किंचित उघडी राहते. मूठ ही एक तरफ आहे. हाताची पकड आसापासून १० सेंटिमीटरवर व टोक २ सेंटिमीटरवर असेल, तर ५ किलोग्रॅम-भाराने मूठ दाबली असता टोकावर २५ किलोग्रॅम-भार पडतो. वाकलेली झडप मुठीच्या जोरावर ओढून बसवली, की टोक व त्यासमोरील पट्टी दोन्ही झपाट्याने का झिजतात, हे ह्यावरून ध्यानात येईल.

मूठ सैल असेल, तर प्रथम तिच्या पायाचे स्क्रू आवळावेत. आसाचा स्क्रू असल्यास तोही आवळावा व मधील वॉशर झिजला असल्यास बदलावा. आस रिव्हेटचा असल्यास मूठ काढून घ्यावी, रिव्हेटचे खालचे डोके लोखंडी ठोकळ्यावर टेकवावे व वरच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत. जोराचा एक ठोका मारण्याऐवजी हलके अनेक ठोके मारावेत. मूठ फिरती राहिली पाहिजे. टोक झिजले असेल, तर समोरील पट्टीखाली पातळ पितळी पत्र्याचा तुकडा घालून दोहोंतील अंतर भरून काढता येते. मूठ दुभंगली असेल, तर ती बदलावीच. आजकाल मिळणाऱ्या अनेक स्वस्त मुठी जस्ताच्या मिश्रधातूच्या, साच्यात दाबून ओतलेल्या असतात. त्या तुटल्यावर जोडता येत नाहीत.

गंजलेला स्क्रू हलत नसल्यास बळ वापरू नये. त्यावर गंज सोडवणारे तेल घालून एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी पेचकस खाचेत धरून त्यावर हातोडीचे दोन-तीन ठोके द्यावेत, स्क्रू आधी किंचित आवळावा आणि मग सोडवावा. जुन्या खिडक्यांच्या स्क्रूंचे आटे इंची मापाचे असतात. त्यांच्या भोकात मेट्रिक स्क्रू बळेच पिळल्यास दोन्हींचे आटे बिघडतात. जुना स्क्रू बरोबर नेऊन त्याच्याशी जुळणारा घ्यावा, अथवा भोकात नवे आटे पाडून घ्यावेत.

स्टेची पट्टी साधारणपणे ३०० मिलिमीटर लांब असून तिला तीन भोके असतात, म्हणजे झडप तीन अंशांत उघडी ठेवता येते. भोके झिजून लांबट झाली किंवा खुंटी वाकली, तर वाऱ्याच्या धक्क्याने पट्टी उसळून निघते. असा स्टे दुरुस्त करीत न बसता बदलावा. त्यावर खालून जाणाऱ्यांची सुरक्षितता अवलंबून असते. लोखंडी खिडकीच्या बिजागऱ्या चौकटीला रिव्हेटने किंवा जोडकामाने पक्क्या केलेल्या असतात. त्या तुटल्या तर वेल्डिंग जाणणाऱ्या कारागिरालाच बोलवावे व जोडकामापूर्वी तावदान काढून घ्यावे.

गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढून उघड्या लोखंडावर त्याच दिवशी गंजरोधक अस्तर द्यावे. पूर्वी त्यासाठी क्रोमेटयुक्त अस्तर वापरीत. क्रोमेट कर्करोगास कारणीभूत होते असे सिद्ध झाल्याने आता जस्ताच्या फॉस्फेटचे अस्तर घेणे इष्ट.

ॲल्युमिनियमच्या व प्लॅस्टिकच्या खिडक्या

सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीत बिजागरीची जागा लहान चाके घेतात. झडप जड सरकू लागली, की बहुधा खालची पन्हळ धुळीने भरलेली असते. ती ब्रशने साफ करावी व पन्हळीतील पाणी बाहेर जाण्याची बारीक छिद्रे तारेने मोकळी करावीत. ही छिद्रे बुजल्यानेच पावसाचे पाणी घरात उतरते. तरीही झडप अडत असेल, तर चाके झिजली आहेत. दोघांनी मिळून झडप वर उचलावी, तिची खालची कड खोलीत ओढून ती बाहेर काढावी व चाके बदलावीत. पुष्कळ झडपांच्या खालच्या बाजूस चाकांची उंची कमीजास्त करणारा स्क्रू असतो. झडप तिरपी चालत असल्यास तो फिरवून ती समतल करता येते. पन्हळीत तेल घालू नये. त्यावर धूळ बसून चिखल होतो.

यूपीव्हीसी ह्या कठीण प्लॅस्टिकच्या खिडक्यांत मूठ फिरवली की चौरस दांडा आतील यंत्रणा हलवतो व झडप अनेक ठिकाणी अडकते. मुठीच्या पायावरील झाकणी थोडी उचलून आडवी फिरवली, म्हणजे तिच्याखाली दोन स्क्रू दिसतात. ते काढले की मूठ निघते. नवी मूठ घेताना तीन मापे घ्यावीत : दोन स्क्रूंच्या केंद्रांतील अंतर, दांड्याची जाडी व दांड्याची लांबी. प्रचलित मुठींत पहिली दोन मापे बहुधा अनुक्रमे ४३ व ७ मिलिमीटर असतात. लांबी मात्र प्रत्येक वेळी मोजावीच लागते. नवी मूठही फिरत नसेल, तर दोष आतील यंत्रणेत आहे असे समजून बळ लावणे थांबवावे.

नवा भाग निवडताना

जुना भाग पिशवीत घालून दुकानात नेणे ही सर्वांत खात्रीची पद्धत होय. ते शक्य नसल्यास त्याची कागदावर बाह्यरेषा काढून भोकांची केंद्रे मांडावीत. मूठ डावी की उजवी, हेही लिहून ठेवावे. खोलीत उभे राहून पाहिले असता बिजागऱ्या ज्या बाजूस दिसतात, ती बाजू दुकानदाराला सांगावी.

१९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने, म्हणजे १९८७ पासूनच्या भारतीय मानक ब्यूरोने, ह्या वस्तूंची मानके ठरवून दिली आहेत. पोलादी बिजागऱ्यांसाठी ‘आयएस १३४१’, लोखंडेतर धातूंच्या बिजागऱ्यांसाठी ‘आयएस २०५’ व टॉवर बोल्टसाठी ‘आयएस २०४’ ही ती मानके होत. वस्तूवर मानकचिन्ह असल्यास उत्तम. नसल्यास बिजागरी हातात घेऊन उघडझाप करावी. तिचे दोन भाग खडखडत असतील किंवा पट्टी बोटांनी वाकत असेल, तर ती घेऊ नये. समुद्रकिनारी पितळ किंवा गंजरोधक पोलाद अधिक महाग पडले, तरी अखेरीस तेच स्वस्त ठरते.

नित्याची निगा

वर्षातून दोन वेळा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, घरातील सर्व खिडक्या तपासाव्यात. देशाच्या बहुतेक भागांत पहिली तपासणी मे महिन्यात करावी. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या काळात पडतो, म्हणून तेथे ती सप्टेंबरात करणे योग्य. प्रत्येक स्क्रू पेचकसाने चाचपावा, बिजागरीच्या खिळीवर यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा व जादा तेल पुसून टाकावे. स्वयंपाकघरातील तेल वंगण म्हणून वापरू नये. हवेशी संयोग होऊन ते कालांतराने चिकट होते. खोबरेल तर सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठते, आणि हिवाळ्याच्या सकाळी बिजागरी पुन्हा अडते. रंगकाम करतेवेळी बिजागऱ्या, मुठी व कड्या काढून ठेवाव्यात किंवा कागदाने झाकाव्यात.

ह्या कामांना फार कौशल्य लागत नाही. वेळेवर लक्ष देणे मात्र लागते. एक स्क्रू सैल झाला तेव्हाच आवळला, तर बिजागरी वाचते. बिजागरी सरळ राहिली, तर मूठ वाचते. मूठ व स्टे शाबूत असले, तर वादळी रात्री तावदान जागेवर राहते आणि खालच्या रस्त्यावरून जाणारा निश्चिंतपणे जातो. ज्या खिडकीची झडप आज सुतळीने बांधलेली आहे, तिच्यापासून वाचकांनी कामास आरंभ करावा.